तीन वर्षांचं पुण्य

शाळेच्या व्हरांड्यात, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराशी, भिंतीला एक गुलाबी पेटी टांगलेली आहे. सॅनिटरी नॅपकिनचं मशीन. पाच रुपयांचं नाणं टाकलं की खालून पुडकं यायचं. आता पुडकं येत नाही आणि नाणंही परत येत नाही.

पेटीवरचा देणगीदार प्रतिष्ठानाचा लोगो मात्र लख्ख आहे. यंत्रापेक्षा स्टिकर टिकाऊ निघाला.

मुख्याध्यापकांना विचारलं, बिघडलंय का? "छे हो, काहीच बिघडलेलं नाही. आतला माल संपलाय. भरायचा तर पेटी उघडायला हवी आणि किल्ली ताईंकडे आहे." ताई म्हणजे प्रकल्पाच्या ताई. त्या कुठे असतात? "आता कुठल्या असायला? प्रकल्प मार्चमध्ये संपला ना!"

मशीन दिलं, पहिला माल दिला, फीत दिली, फीत कापायला कात्रीही दिली. किल्ली तेवढी द्यायची राहिली.

आजचं सदर त्या किल्लीबद्दल.

आपल्याकडे दानाचा कायदा झाला त्याला दहा वर्षं उलटून गेली. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. लागू १ एप्रिल २०१४ पासून. ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. यालाच आपण प्रेमाने सीएसआर म्हणतो. त्यातून कंपन्यांची प्रतिष्ठानं उभी राहिली, प्रतिष्ठानांना संचालक आले, संचालकांना केबिन आली. समाज अजून बाहेर बाकावर बसलाय.

कायद्याने द्यावे लागणारे पैसे, पण कार्यक्रमपत्रिकेत शब्द काय? दातृत्व. तुम्ही-आम्ही प्राप्तिकर भरतो, तेव्हा कुणी शाल-श्रीफळ घेऊन येतं का? इथे येतं. वर स्मृतिचिन्हही मिळतं. त्याचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकला, हे विचारणारा असंस्कृत ठरतो.

पैसा भागधारकांचा, सक्ती कायद्याची, काम संस्थेचं, फोटो साहेबांचा. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायलासुद्धा तुळस स्वतःची लागते हो!

पुण्याचाही मार्चएंड असतो. (पुणेकरांनी गैरसमज करून घेऊ नये. पुण्य या अर्थी.) वर्षभर शांत असलेला फोन जानेवारीत वाजू लागतो. "सर, तुमच्याकडे एखादा रेडी प्रोजेक्ट आहे का? मार्चपर्यंत संपणारा?"

आता क्षयरोगाच्या साध्या उपचारालाच सहा महिने लागतात. गरोदरपणाला नऊ. मार्चपर्यंत हमखास संपणारी आरोग्यसेवा जगात एकच.

शिबिर.

शिबिरात काय होतं? रक्तदाब मोजतात. साखर मोजतात. डोळे तपासतात. बोटाला टोचून हिमोग्लोबिन बघतात. आजीला कळतं की आपल्याला रक्तदाब आहे. काल ती बिचारी न कळता आजारी होती, आज कळून आजारी आहे. या फरकाला अहवालात 'जागृती' म्हणतात.

औषध? ते पुढच्या शिबिरात. पुढचं शिबिर? पुढच्या मार्चमध्ये.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ४८ जणींना रक्तक्षय होता. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, हा आकडा ५४ वर गेला. १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये तर ५७. मधल्या काळात शिबिरं कमी झाली, असं कुणी ऐकलंय?

बोट टोचून रक्त वाढत नाही, एवढं कळायला कुठलं बेसलाइन सर्वेक्षण लागतं?

उपाय माहीत आहे. सरकारी योजनाही आहे. शाळेतल्या पोरींना आठवड्याला लोहाची एक निळी गोळी. पण गोळीने पोट दुखतं, शौचाला काळं होतं, मग घरची आजी म्हणते, नको गं घेऊ. अशा वेळी कुणीतरी घरी जाऊन आजीशी दहा मिनिटं बोलावं लागतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा. गोळी स्वस्त आहे, समजूत महाग आहे.

आणि समजूत घालणाऱ्या बाईचा पगार? तो तर ओव्हरहेड!

हा शब्द नीट ऐका. प्रतिष्ठानांच्या दुनियेत याच्याइतकी दुसरी मोठी शिवी नाही. "तुमचे ओव्हरहेड फार आहेत" असं कुणी म्हटलं की संस्थेचे अध्यक्ष, मग ते सत्तरीचे असोत, खाली मान घालतात. जणू तिजोरी फोडताना सापडले.

ओव्हरहेड म्हणजे काय? सुईण प्रशासकीय खर्च, तिचे हातमोजे प्रकल्पाचा खर्च. हातमोजे मंजूर होतात. हात नामंजूर.

फिरता दवाखाना मंजूर, चालकाचा पगार सहाच महिने. संगणक मंजूर, विजेचं बिल संस्थेने भागवायचं. 'प्रशिक्षण' मंजूर, प्रशिक्षक 'स्वयंसेवी' हवा. प्रशिक्षकाच्या घरचा किराणाही स्वयंसेवी असतो बहुतेक.

गंमत पुढेच आहे. सीएसआरच्या नियमात प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, हे सगळे सांगतात. ती मर्यादा कुणाला आहे? कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला. काम करणाऱ्या संस्थेला नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने प्रश्नोत्तरं काढून हे स्पष्ट केलं आहे. तरीही संस्थेच्या बजेटवर लाल पेन फिरतो तो '५ टक्के' म्हणूनच. पथ्य डॉक्टरांनी साहेबांना सांगितलं होतं. उपाशी राहतोय शिपाई.

परदेशी पैशाची कथा निराळी नाही. एफसीआरए कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. शिवाय एका संस्थेने मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही, असं ठरलं. मोठ्या संस्थेकडे पैसा आहे, छोट्या संस्थेकडे गाव आहे. मधला रस्ता कायद्याने बंद.

त्याच २०२० सालातलं आणखी एक आठवतं का? पीएम केअर्सला दिलेला रुपया सीएसआरमध्ये धरला जाईल, असं मार्चअखेर जाहीर झालं. राज्यांच्या मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेला धरला जाणार नाही, असं एप्रिलमध्ये स्पष्ट झालं. रुपया तोच, महासाथ तीच, रुग्णही तेच. पावतीपुस्तक तेवढं वेगळं.

पुण्यालाही पत्ता लागतो.

पत्त्यावरून आठवलं. कायदा म्हणतो, कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं. ऐकायला छान. परिसर म्हणजे जिथे कारखाना, जिथे मुख्यालय. म्हणून राज्यवार सीएसआर खर्चात महाराष्ट्र पहिला, आणि महाराष्ट्र म्हणजे प्रामुख्याने मुंबई-पुणे. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आपले चार: नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव. तिथे आकांक्षा भरपूर आहेत. कारखाने मोजकेच.

जिथे चिमणीचा धूर नाही, तिथे धर्मही नाही.

नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात कुपोषित बाळाकडे जायचं तर अर्धा दिवस मोडतो. पुण्याच्या आयटी पार्कपासून जवळच्या शाळेत दुपारच्या जेवणाआधी जाऊन येता येतं. 'कर्मचारी स्वयंसेवा दिन' कुठे साजरा होणार? ओळखा पाहू. शाळेच्या त्याच भिंतीला दर वर्षी नवे स्वयंसेवक रंग देतात. भिंत आता रंगावरच उभी आहे.

अलीकडे शरीर जरा मागे पडलंय. सध्या चलती मनाची आहे. युवकांचं वेलबीइंग! या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधण्यासाठी म्हणे बैठका झाल्या. माझी आजी दारात उभी राहून विचारायची, "बरं आहे ना रे?" बैठकीचं मानधन न घेता.

वेलबीइंगचा कार्यक्रम कसा असतो? एक हॉल, एक माइक, दोनशे मुलं, पंचेचाळीस मिनिटं. वक्ते शहरातून गाडीने येतात. म्हणतात, "मनात काही दाबून ठेवू नका. मोकळेपणी बोला." दोनशे जणांसमोर? माइकवर? शेजारच्या बाकावर ती बसलेली असताना?

कुणी बोलत नाही. अहवालात मात्र 'उत्स्फूर्त प्रतिसाद' असतो.

शेवटी फीडबॅक फॉर्म. त्यावर पाच गोल चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. कार्यक्रम आवडला तर हसऱ्यावर खूण करा. ज्या पोराला आतून खरंच रडू येतंय, त्याने कुठे खूण करायची, ते सांगायला वक्ते थांबत नाहीत. गाडी लागलेली असते.

इथे थट्टा जरा बाजूला ठेवू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांनुसार त्या वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. राज्यवार यादीत महाराष्ट्र पहिला होता.

सीएसआर खर्चाच्या यादीतही पहिला आपणच. या दोन याद्या एका टेबलावर शेजारी ठेवून कुणी बैठक घेतली का?

मूल पहिल्या भेटीत बोलत नाही. दुसऱ्याही नाही. ते बोलतं तिसऱ्या-चौथ्या वेळी, मैदानाच्या कडेला, बुटाची नाडी बांधता बांधता. आणि तेही रोज दिसणाऱ्या माणसाशी. म्हणून पोरांना काय हवं? एक मैदान हवं, ओळखीचं मोठं माणूस हवं, आणि ते माणूस संध्याकाळी चार ते सहा तिथे सापडायला हवं. आज, उद्या, पुढच्या वर्षीही.

प्रपोजलमध्ये याला रकाना नाही. रकाना आहे 'नावीन्यपूर्ण' कल्पनेला. रोज सापडणारा माणूस यात नवीन काय?

सरकारची पेटीही काही उघडी नाही. जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. किशोरवयीनांसाठी दवाखाने निघाले. आपल्याकडे त्यांना 'मैत्री' असं गोड नाव आहे. तिथला समुपदेशक बहुतेक कंत्राटी. आता मैत्री तरी कंत्राटी कशी करायची? अकरा महिन्यांनी नूतनीकरण?

१० ऑक्टोबर २०२२ ला टेलि-मानस सुरू झालं. १४४१६ हा क्रमांक, फुकट, दिवसरात्र, मराठीतही. चांगली सोय आहे, लिहून ठेवा, घरातल्या पोराला द्या. शाळेच्या भिंतीवर किती ठिकाणी दिसतो हा नंबर? भिंतीवर जागा नाही. लोगो लावलेत.

तुम्ही म्हणाल, सगळीकडे वाकडंच बघता. पूर्वीचे दानशूर काय देव होते?

मुळीच नाही. त्यांनाही नाव हवंच होतं. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी पैसे दिले आणि १८४५ साली भायखळ्याला रुग्णालय उभं राहिलं. आज पावणेदोनशे वर्षांनंतरही टॅक्सीवाल्याला 'जेजे' म्हटलं की पुरतं. नाव लागलं ते अख्ख्या रुग्णालयाला. हल्ली वॉटर कूलरला लागतं.

अटी घालणं तरी आजचं आहे का? तेही जुनंच. परळचं केईएम रुग्णालय आणि गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झालं. शेठ गोवर्धनदासांच्या विश्वस्तांनी पैसे देताना अट काय घातली? शिकवणारे सगळे पात्रता असलेले भारतीय हवेत आणि ते सरकारी नोकरीतले नसावेत. काळ इंग्रजांचा! मोठ्या जागा गोऱ्यांसाठी राखून ठेवायचे दिवस!

आजची अट काय असते? बॅनरवर लोगो उजवीकडे, वर, इतक्या सेंटिमीटरचा. रंगाचा कोड सोबत जोडला आहे.

त्या अटीने पिढ्यान् पिढ्यांचे डॉक्टर घडले. या अटीने फ्लेक्सवाल्याचं घर चाललं. तेही काही वाईट नाही म्हणा.

शेजारचं टाटा रुग्णालय घ्या. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई ल्युकेमियाने १९३१ मध्ये गेल्या, दोराबजी १९३२ मध्ये. जाण्याआधी त्यांनी आपली संपत्ती ट्रस्टच्या हवाली केली. त्या ट्रस्टने १९३६ मध्ये समाजकार्याची संस्था काढली, तीच आजची टिस. १९४१ मध्ये कर्करोगाचं रुग्णालय काढलं. १९५७ मध्ये ते आरोग्य मंत्रालयाकडे गेलं आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे. थोडक्यात, पेटी चालू स्थितीत, माल भरून, किल्लीसकट सरकारच्या हाती दिली.

याला एक्झिट स्ट्रॅटेजी म्हणतात. आता मात्र एक्झिट म्हणजे गाडीत बसणं.

आणि दानाचे पाय किती लांब जातात पाहा. त्याच टिसने २०१२ मध्ये आयकॉल ही समुपदेशनाची फोनसेवा सुरू केली. १९३६ मध्ये पेरलेला पैसा ७६ वर्षांनी एखाद्या पोराचा फोन उचलतो. याचं तिमाही अहवालात काय लिहिणार?

बरं, एवढे पैसे सगळ्यांकडे नसतात. मग जामखेडला चला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये तिथे आले. अवर्षणग्रस्त तालुका. हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. आरोळ्यांनी काय केलं? गावोगावच्या बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित. त्यांनाच आरोग्य कार्यकर्त्या केलं. दर आठवड्याला जामखेडला बोलवायचं, शिकवायचं, परत गावात पाठवायचं. वर्षानुवर्षं. विसावं शतक संपताना बालमृत्यूचा तो आकडा तिशीच्या आत आला होता.

आज जामखेडचं प्रपोजल कुठल्याही प्रतिष्ठानाकडे पाठवून बघा. 'कर्मचाऱ्यांची किमान शैक्षणिक पात्रता' या रकान्यापाशीच अडकेल.

१९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे मिळालं. त्या बायकांनी बाळंतपणं केली, पाणी उकळायला लावलं, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी पाजलं. औषधांपेक्षा जास्त काम कशाने झालं? बाई त्याच गावात राहत होती, याने. तिला 'फील्ड व्हिजिट'ला जावंच लागत नव्हतं. गाव करी ते राव न करी, ही म्हण सीएसआरच्या आधीची आहे.

तिकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग. १९८६ मध्ये त्यांची 'सर्च' ही संस्था स्थापन झाली. १९८८ मध्ये तिथे हजारी १२१ बालमृत्यू. एकोणचाळीस गावांत 'आरोग्यदूत' नेमले, गावातल्याच बायका. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची. त्या गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला, असं १९९९ साली 'लॅन्सेट'ने छापलं. पुढे ही पद्धत देशभरातल्या सरकारी 'आशा' कार्यकर्त्यांच्या कामात आली.

या कामामागे पैसा होता तो मॅकआर्थर आणि फोर्ड अशा अमेरिकी प्रतिष्ठानांचाही. म्हणजे प्रतिष्ठानांना कळत नाही असं नाही. थांबायची तयारी असली की कळतं.

किती थांबावं लागलं? १९८८ च्या मोजणीपासून १९९९ च्या लेखापर्यंत अकरा वर्षं. आपला ढोबळ हिशेब तीन वर्षांचा. त्यातलं पहिलं वर्ष कार्यालयासाठी जागा शोधण्यात जातं, तिसरं नव्या देणगीदाराच्या शोधात. आरोग्य सुधारायला उरतं मधलं एक. त्यातही पावसाळा वगळा.

कायद्याची अडचण म्हणावी, तर 'चालू प्रकल्पा'ला सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं कायद्यानेच दिली आहेत. आणि चौथ्या वर्षानंतर त्याच गावात नवा प्रकल्प घ्यायला कुणी हात धरलाय? पण त्याच गावात पुन्हा? मग वार्षिक अहवालाच्या नकाशावर नवा ठिपका कसा येणार?

संस्थांनाही सोडून चालणार नाही. देणगीदाराला जे ऐकायचं, ते लिहून द्यायची विद्या आता संस्थांना चांगली साधली आहे. गेल्या वर्षी 'पोषण' होतं, यंदा 'वेलबीइंग' आहे, पुढच्या वर्षी 'हवामान बदल' असेल. गाव तेच, बाई तीच, सतरंजीही तीच. फ्लेक्स फक्त बदलतो.

मग 'सक्सेस स्टोरी'. एक मुलगी निवडतात. फोटोत आधी उदास, नंतर हसरी. दोन्ही फोटो एकाच दिवशी काढलेले असतात, हे तिच्या रिबिनीवरून कळतं.

खोटेपणा म्हणाल? असेल. पण खरं लिहिलं की 'तीन वर्षांत फारसं काही बदललं नाही, अजून सात वर्षं द्या', तर पुढचा हप्ता येतो का? गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. असते हो, परवडत नाही.

सरकारचं तर विचारूच नका. बाळंतिणीच्या घरी सहा-सात फेऱ्या मारून बाळाचं वजन, ताप, श्वास बघायचा. आशा ताईला याचा मोबदला ठरला अडीचशे रुपये. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. २०२४ च्या सुरुवातीला त्याच आशा मानधनासाठी आझाद मैदानात ठाण मांडून बसल्या होत्या. टाळ्या वाजवणारे हात तेव्हा दुसऱ्या कामात असावेत.

धर्मादाय रुग्णालयांची गोष्ट एका वाक्यात. १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बलांना सवलतीत, बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिली. आता एखाद्या पंचतारांकित धर्मादाय काउंटरवर जाऊन 'निर्धनांची खाट' मागून बघा. काच किती जाड असते, ते कळेल.

आणि आपण?

हो, आपणच. इतका वेळ मान डोलावत होता ना? "संस्थेला देईन, पण पैसे डायरेक्ट गरिबांपर्यंत गेले पाहिजेत. पगारबिगारात नकोत." हे वाक्य कुणाचं? आपल्याच दिवाणखान्यातलं. मुलाचा वाढदिवस आश्रमात करायचा, केक कापायचा, तिथल्या पोरांना रांगेत बसवून फोटो काढायचा. रात्री दीड वाजता ताप आलेल्या पोराला उचलून नेणाऱ्या मावशीचा पगार मात्र 'बिगार'.

गणपतीची वर्गणी देताना विचारतो का कधी, मांडवाचा खर्च किती टक्के? मूर्तीपर्यंत डायरेक्ट किती पोहोचले? तिथे कळतं आपल्याला. मांडव, वीज, ढोल, सतरंजी, रात्री जागणारी चार पोरं, हे सगळं मिळून उत्सव होतो. दवाखान्याचा मांडव तेवढा फुकट हवा.

म्हणून सांगणं एवढंच. पैसा थोडा द्या, पण लांब द्या. वस्तूला देण्याआधी माणसाला द्या. पाच गावांना तीन वर्षं देण्यापेक्षा एका गावाला पंधरा वर्षं द्या. अहवाल चार पानांचा चालेल. 'यंदा जमलं नाही' असं त्यात लिहिता येईल, एवढी जागा ठेवा.

ऐकणार कोण? मार्च जवळ आला की फोन वाजतील. मंडप पडेल. माइकवाला 'हॅलो, हॅलो, चेक' करेल. तुम्हालाही आमंत्रण येईल, प्रतिष्ठित नागरिक म्हणून. जरूर जा. चहा घ्या, शाल घ्या, फोटोत कडेला उभे राहा.

फक्त फीत कापून झाली, टाळ्या थांबल्या, साहेब गाडीकडे निघाले, की त्यांना गाठून एक विचारा.

साहेब, किल्ली कुणाकडे ठेवू?